नगाचा भाव

इस्त्रीचा धंदा घरात सुरू करायचा असला की लोक आधी टेबल बघतात. आधी मीटर बघावं. आम्ही रिसोडला दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. घरमालकीण वरच्या मजल्यावर. आमची वीज तिच्याच मीटरवरून सबमीटर लावून खाली आणलेली होती, आणि खालच्या विजेचं बटण होतं वरच्या जिन्यात. मी इस्त्री तापायला लावली की वरचा पंखा मंदावायचा. मग ती जिन्यातून विचारायची, "लावली का वं?" मी खालून "लावली काकू" म्हणायची. सुरुवातीला तिचा आवाज हसरा असायचा.

नवऱ्याची जीप रिठदच्या रस्त्यावर चालत असे. घरोघरी मोटरसायकली आल्या, सीटा भरेनाशा झाल्या, त्यानं जीप विकली. पुढे दुसऱ्याच्या गाडीवर कधी बोलावणं आलं तर जायचं, नाहीतर घरी. मुलीचं वाशीमचं कॉलेज, खोल्यांचं भाडं, किराणा, यांना असं कधी-मधी चालत नाही. शिवणकाम मला येत नव्हतं आणि पापड करणाऱ्या बाया गल्लीत पुष्कळ होत्या. इस्त्री येत होती. लग्नाआधी काकाच्या लॉण्ड्रीत मी दुपारची उभी राहायची. पाणी शिंपडून कपडा किती वेळ गुंडाळून ठेवायचा, कॉलर उलट्या बाजूनं का घ्यायची, एवढं हाताला माहीत होतं.

भाव मात्र माहीत नव्हता. म्हणून मी सरळ चौकात गेले. तिथे लिंबाखाली चाचाचा ठेला होता. कोळशाची इस्त्री, पांढरी दाढी, आणि बोलताना समोरच्याकडे न बघायची सवय. आमच्या गल्लीचे कपडे वर्षानुवर्षं त्याच्याकडे जायचे. मी भाव विचारला.

"काहून विचारून राह्यल्या?" तो म्हणाला.

"मी घरी सुरू करनार हावो."

त्यानं इस्त्री उभी केली. "आठ रुपये नग. साडीचे तीस. धोतर असलं तं दोन नगाचे धरतो. आजून काही?"

आजून काही नव्हतं. मी घरी आले आणि आठाचा हिशेब बाजूला ठेवला. घरमालकीण म्हणाली, "गल्लीतल्या बायाइसमोर शर्ट मोजत बसशीन का? बरं दिसते का ते? दूधवाला महिन्यानं, पेपरवाला महिन्यानं. तू बी घराघराचा महिना बांधून घे. घरं मी आनून देतो."

मला ते पटलं. शेजारणी होत्या. सकाळी पाण्याच्या टाकीवर ज्या भेटतात त्यांच्यापुढे दुपारी रुमाल मोजणं मलाही नको होतं. घरामागे महिना चारशे, कपडे रोज सकाळी आणायचे, संध्याकाळी न्यायचे. तिनं खरंच घरं आणून दिली. आठवड्याभरात जवळजवळ सगळी गल्ली माझ्या टेबलावर आली आणि चाचाच्या ठेल्यावर कपड्यांपेक्षा लिंबाचा पाला जास्त दिसायला लागला. मी तिकडून जायचं टाळलं नाही. बाजाराचा रस्ता तोच होता.

पहिले दोन महिने बरे गेले. मग गाठोडी फुगायला लागली. बाया लबाड होत्या असं मी म्हणणार नाही. महिना बांधला की हात सैल सुटतो, एवढंच. आधी ज्या घरातून साहेबाचे शर्ट आणि पोरांचे युनिफॉर्म यायचे तिथून उशांचे अभ्रे यायला लागले. मग चादरी. मग पडदे. एकीची मुलगी माहेरपणाला आली तर तिच्या नवऱ्याच्या पँटीही आल्या. शाळेचा चुण्यांचा स्कर्ट हा तर वेगळाच प्रकार. एक एक चुणी बोटानं बसवून दाबावी लागते, तेवढ्या वेळात तीन शर्ट होतात. घरातली साधी इस्त्री दिवसभर चालायला केलेली नसते. ती जळाली. वाशीमला एक लॉण्ड्री बंद पडत होती, तिथून जड इस्त्री आणली. ती वीज दुप्पट खायची.

एका दुपारी मी एका घराचं गाठोडं वेगळं काढलं आणि घड्याळ लावून इस्त्री केली. मग वीज आणि स्वतःच्या हाताची मजुरी धरून भाव काढला. शर्टाला मला तीन रुपयेही सुटत नव्हते. जितकी जास्त घरं तितकं जास्त नुकसान. मी दिवसभर उभी होते आणि घर त्यातून चालत नव्हतं, चालल्यासारखं दिसत होतं.

त्यात घरमालकिणीच्या मुलाचं लग्न ठरलं. ती आनंदानं खाली आली. "रिठदचे, धनजचे, सगळे पाव्हने आठ दिवस आधी येतीन. म्हताऱ्याइचे धोतरं, पोराइचे शेरवान्या. मी सर्व्याइले सांगून ठेवलं, आमच्या खालीच इस्त्री हाय मनून."

मी हो म्हणाले नाही. तिला ते कळलं नसावं. ती वर गेली.

नवरा म्हणाला, "लग्न होऊन जाऊ दे. मंग सांग तिले."

"लग्न झाल्यावर कोन ऐकते? आठ दिवस फुकट केलं तं तोच भाव होऊन जाईन."

"आन् खोल्या? दोन महिन्यात करार सरते. तिनं खाली करा म्हटलं तं टेबल कुठं मांडशीन, एसटी स्टँडवर?"

हे खरं होतं. गल्लीला तोंड असलेली, टेबल मावेल अशी दुसरी खोली त्या भाड्यात मिळणार नव्हती. बोलले तर जागा जायची शक्यता होती. न बोलले तर धंदा नक्की जाणार होता. मी शक्यता निवडली.

आधी चाचाकडे गेले. मी नगावर गेले आणि त्यानं गल्लीला स्वस्त भाव लावला तर मी संपले, हे उघड होतं.

"चाचा, मी एक तारखेपासून नगावर येऊन राह्यली. तुमचाच भाव. आठ."

तो कोळसे हलवत होता. "मंग?"

"तुमी गल्लीले पाचात घेऊ नका."

आता त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "बाई, तुमी धंदा सुरू केला तवा मले इचारलं होतं का?"

"इचारलं होतं. इथंच उभी होती मी."

"भाव इचारला होता तुमी. मले नाई इचारलं."

त्यानं पुन्हा कोळशात चिमटा घातला. तो म्हणाला, "कोन कपडे आनीन, काय भाव देईन, ते मी त्या वक्ताले पाहीन. जा तुमी." मी निघाले. म्हणजे त्या बाजूनं काहीच पक्कं नव्हतं.

घरमालकिणीशी बोलायला मी वर गेले तेव्हा ती दिवाणावर आहेराच्या साड्या लावत बसली होती. दोघी नणंदा शेजारी. एकटी सापडायची वाट बघितली असती तर लग्नच उजाडलं असतं.

"काकू, लग्नाच्या कपड्याचं बोलाचं हाय."

"बोल ना."

"ते महिन्यात नाई बसत. पाव्हन्याइचे कपडे नगावर घेईन. एक तारखेपासून सगळ्या गल्लीचेच नगावर."

तिनं हातातली साडी खाली ठेवली. "माह्या घरात राहून मलेच भाव सांगून राह्यली?"

"तुमच्या घरात राह्यते मनून पयले तुमाले सांगतलं."

"घरं कोनं आनून देल्ली तुले?"

"तुमीच."

"मंग मीच सांगीन त्याइले, घेऊन जा मनून." थोरली नणंद मध्येच म्हणाली, "वयनी, बाजारात गहू बी भावानं घेता न तुमी," आणि घरमालकीण तिच्यावरच उखडली, "तुले काही समजते का? गप्प बस."

मी खाली आले.  इस्त्रीला हात लावला नाही, चादरींच्या घड्या केल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाठोडी आली नाहीत. एक बाई आली ती कालचे कपडे न्यायला, आणि नेताना म्हणाली, "काकूनं सांगतलं, आता चाचाकडं टाका. मी म्हनत नाई, काकू म्हनतात." टाकीवर बोलणं बंद झालं नाही, पण मी गेले की विषय बदलायचा. पाव्हणे यायला लागले. वरच्या जिन्यातून मोठं गाठोडं खाली उतरलं, माझ्या दारासमोरून गेलं आणि चौकाकडे वळलं. मी दार उघडंच ठेवलं होतं. बंद केलं असतं तर हरले असं दिसलं असतं.

दुपारी लाइट गेली. गल्लीबाहेरच्या एका घरचेच कपडे उरले होते, तेच मी करत होते. नवरा म्हणाला, "गेली वाटते गावाची."

वर पंखा फिरत होता. आवाज येत होता. समोरच्या घरात मिक्सर चालू होता.

तो जिन्याकडे निघाला. मी म्हटलं, "बसा."

"अवं, बटन बंद केलं तिनं."

"मालूम हाय मले. आपन वर गेलो तं तेच पाहिजे तिले. आज बटनासाठी हात जोडले तं उद्या भावासाठी बी जोडा लागतीन."

तो बसला. उकाड्यात आम्ही दोघं बसून राहिलो. इस्त्री थंड होत होती आणि टेबलावर शिंपडलेले कपडे वाळत होते. दुपारी जेवायला वाढलं तर त्याला खाता आलं नाही. मला आलं. मी चौकाकडे कान देऊन होते. चाचानं पाचात घेतले असतील का, हेच डोक्यात होतं. कुणाला विचारायला पाठवणंही नको होतं, कारण विचारलेलं पाच मिनिटांत वर पोचलं असतं.

दिवस उतरताना जिन्यावर पावलं वाजली. घरमालकीण स्वतः होती. हातात कापडात गुंडाळलेला गठ्ठा. नवरा उठून आतल्या खोलीत गेला. ती दारात उभी राहिली, आत आली नाही.

"चाचा शालू घेत नाई," ती म्हणाली. "म्हनते ठिनगी उडाली तं भरून कोन देईन."

हे त्यानं माझ्यासाठी केलं असं मी तेव्हाही मानलं नाही, आताही मानत नाही. कोळशाच्या इस्त्रीखाली नवरीचा शालू शहाणा माणूस घालत नाही.

"आन् बाकीचे?" मी विचारलं.

"ते घेतले. आठ रुपये. धोतराचे सोळा लावून राह्यला तो! म्हताऱ्या मानसाच्या धोतराचे सोळा!"

म्हणजे पाचात घेतले नव्हते. चेहरा मी तसाच ठेवला. "बराबर हाय. दोन नगाचे धरते तो."

"तू बी तेच धरशीन?"

"मी बी तेच धरीन."

तिनं गठ्ठा दारातूनच पुढे केला. मग म्हणाली, "शालू करून दे."

"लाइट नाई काकू."

तिनं जिन्याकडे वळून नणंदेला हाक मारली, "अवं, ते खालचं बटन लाव!"  बल्ब लागला. इस्त्री तापेपर्यंत ती तशीच दारात उभी होती आणि तेवढ्यात तिनं आपलं म्हणणं मांडलं. नगावर तर नगावर. पण सबमीटरचा युनिटही आता तिच्या भावानं. घरगुती नाही, दुकानाचा. वरचा पंखा ती माझ्यासाठी मंद का करून घेईल?

तिचं चूक नव्हतं. मी मनात बघितलं, बसत होतं. जेमतेम, पण बसत होतं. चुण्यांच्या स्कर्टला वेगळा भाव लावावा लागणार होता. मी म्हटलं, "ठीक हाय. पन मंग करार बी आताच वाढवू. वर्षाचा."

"तू लय पक्की निंगाली वं," ती म्हणाली. ते कौतुक नव्हतं. पण करार वाढला.

शालू मी उलट्या बाजूनं, वर मलमल टाकून केला. इस्त्री निम्म्या आचेवर. जरीचं काम चेपू नये म्हणून हात उचलून उचलून. ती बघत होती. शालूचे पन्नास घेतले. ती देताना कुरकुरली, मी मोजून घेतले.

घरमालकिणीनं अडवणं सोडलं, तरी सगळी घरं परत आली नाहीत. तीन घरं चाचाकडेच राहिली. त्यांना तिकडे उधारी चालते आणि तो जुना आहे. बाजारात जाताना त्या घरांचे शर्ट त्याच्या ठेल्यावर लटकलेले दिसतात. तो मान हलवतो, मी हलवते. त्यापुढे आमचं काही बोलणं नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी दुसरं गाठोडं आलं. या वेळी चौकात न जाता थेट माझ्या टेबलावर. सोबत घरमालकीण, हळदीच्या हातानं. मी गाठ सोडली आणि थांबले, कारण इतके महिने मी त्या घरच्यांसमोर कधी मोजलं नव्हतं आणि पहिला आकडा तोंडातून निघत नव्हता.

"मोज ना," ती म्हणाली. "आता कायले लाजून राह्यली?"

मी एक शर्ट उचलून बाजूला ठेवला. "एक."

"तो रुमाल हाय खाली, तो बी धरशीन का?"

"रुमाल नाई धरत."

"बरं," ती म्हणाली, आणि दुसरा शर्ट तिनंच उचलून ठेवला. "दोन."