आखाजीचं पुरण

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. तुम्हालाच का सांगतोय — कोण जाणे! ऐकून घ्याल असं वाटलं, एवढंच.

लोक मला मांडेवाला म्हणतात. मांडे म्हणजे आमच्या खानदेशातली पुरणपोळी — लाटायची नाही, हातावर फिरवत फिरवत कोपरापर्यंत वाढवायची आणि चुलीवरच्या उलट्या खापरावर टाकायची. नरडाण्यापासून जळगावपर्यंत कुठं लग्न असलं की मला बोलावणं येतं. त्यावर घर चाललं, पोरी उजवल्या. आणि ही विद्या माझी नाही — अक्कांची.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीत मी पिंप्राळ्याकडच्या एका वृद्धाश्रमात मुख्य आचारी होतो. आधी धुळ्याला हॉटेलात होतो, त्यामुळे तोरा केवढा! शेवभाजी अशी करीन की बोटं चाटत राहाल. पण मांडे? आश्रमातल्या म्हाताऱ्यांनी हौसेनं मागितले, तर पहिला माझ्या हातावरच फाटला. पुरण थेट चुलीत. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट! तेव्हा तिथंच राहणाऱ्या, दोंडाईच्याकडच्या सत्तरीच्या अक्का पदर खोचून शेजारी येऊन बसल्या. "बठ्ठं येस भाऊ, घाई नको करू." सगळं येतं, म्हणाल्या. मग रोज दुपारी शिकवायच्या. पोटच्या पोराला कुणी इतकं शिकवत नाही हो. त्या भेटल्या म्हणून मी आजही देवाला हात जोडतो.

आणि मी काय केलं? सांगतो — सांगतोच.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पितरांना मांड्याचा नैवेद्य असतो. अक्कांना तो त्यांच्या मालकांच्या नावानं दाखवायचा होता. किती दिवस तोच जप चालला होता. आदल्या संध्याकाळी मी पुरण शिजवलं. अक्कांनी बजावलं होतं — परातीत पसर, वर नुसतं पातळ फडकं टाक. वैशाखाचा उन्हाळा, तुम्हाला ठाऊकच आहे. पण मला घरी जायची घाई. गरम पुरण तसंच पातेल्यात ठेवलं आणि घट्ट झाकण लावलं. हॉटेलची सवय — पाल पडेल, माशी बसेल. सकाळी झाकण काढलं तर आंबूस वास! वर बुडबुडे! सगळं पुरण गेलं.

आश्रमाचे व्यवस्थापक नाना ओरडतच आले. आणि मी — उचलली जीभ, लावली टाळ्याला — म्हणालो, "अक्कांनी झाकलं. शेवटी त्याच आत होत्या."

सगळ्यांनी माना डोलावल्या. का नाही डोलावणार? अक्का हल्ली चष्मा विसरायच्या, माणसांची नावं विसरायच्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता होते माझी खरडपट्टी. झाली असती तर किती बरं झालं असतं! त्या हळूच म्हणाल्या, "मीच झाकं का रे भाऊ? माले याद नही." त्यांनी माझं खरं मानलं होतं — स्वतःपेक्षा माझ्यावर जास्त विश्वास ठेवला होता.

त्या दिवशी पितरांना नुसता वरणभात दाखवला. त्यानंतर अक्का स्वयंपाकघरात आल्या नाहीत.

पुढच्या आखाजीला मी पुरण नीट पसरलं आणि त्यांना बोलवायला गेलो. त्या आल्या, पण दारातच थांबल्या. हात पदराखाली. "तूच कर. मना हातस्वर आते मनाच भरोसा नही." स्वतःच्याच हातांवर त्यांचा भरोसा उरला नव्हता. आत आम्ही दोघंच होतो. एक वाक्य पुरे होतं — अक्का, ते मी झाकलं होतं. नोकरी गेली नसती. आणि गेली असती तरी काय? मी कणीक तिंबायला घेतली.

पहिला मांडा त्यांच्या ताटात वाढला. त्यांनी मालकांच्या नावानं एक तुकडा बाजूला काढला, मग खाल्ला. "बेस झाया रे," म्हणाल्या, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी तो फिरवू दिला. त्याच पावसाळ्यात त्या गेल्या — आपलं डोकं आता आपलं राहिलं नाही, असंच समजून.