फाळक्यावरचा ढ

शहागडला हायवेच्या कडेला आमचं दुकान आहे. आधी तिथं अण्णा, म्हणजे माझे वडील, ट्रक रंगवायचे. आता मी रेडियम कापते. ट्रकच्या मागच्या फाळक्यावर उजेड पडला की चमकतात ना, ती अक्षरं. मशीन कापतं, मी चिकटवते आणि ड्रायव्हर लोक चहा पीत, कुणी न विचारता, सूचना देतात.

अक्षर मात्र अण्णांचंच. त्यांचा 'अ' पोट पुढं काढून उभा असतो आणि 'ळ' कायम झोपाळू. जुने गाडीमालक नवी गाडी घेतली की दारातूनच ओरडतात, "ताई, पेंटरचंच अक्षर पायजे, कम्प्युटरचं न्हाई चालणार!" हात थरथरायला लागला तेव्हा अण्णांनी ब्रश खाली ठेवला. त्यांच्या अक्षरांचे कागदी खाके पेटीभर होते. ते मी स्कॅन करून कम्प्युटरात घातले आणि दुकान चालू राहिलं.

मग मला शहाणपण सुचलं. एक एजंट आला आणि त्याने जेवणाच्या डब्याएवढं यंत्र टेबलावर ठेवलं. म्हणाला, "याच्यात काहीच नाही, मॅडम. ऑपरेटिंग सिस्टीम वर क्लाउडमध्ये, तुमच्या फायलीही वर. बिघडायला खाली काही उरतच नाही." मला ते इतकं पटलं की सगळं वर चढवून, जुन्या सीपीयूची डिस्क पुसून मी तो माळ्यावर टाकला. खाक्यांना कसर लागली होती, ते बंबात घातले. पाणी छान तापलं. अण्णांनी मात्र त्या दिवशी आंघोळ केली नाही.

वर्ष-दीड वर्ष बरं गेलं. एके सकाळी पडद्यावर आलं की तुमची क्लाउडची योजना बंद झाली आहे. नव्या योजनेत माझं कटर मशीन चालत नव्हतं. आणि फायली? कंपनीच्या फोनवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मुदतीत उतरवून घ्यायच्या होत्या. तसा मेल पाठवला होता." अहो, इथं दिवसभर हाताला रेडियमचे तुकडे चिकटलेले, मेल कोण वाचतंय? दुकान माझं, डबा माझा, अक्षरं माझ्या बापाची आणि परवानगी तिसऱ्याचीच! मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. फोन ठेवला आणि रडले. त्यात राग कमी होता, लाज जास्त होती. ज्या हातानं ती अक्षरं परत काढता येणार नव्हती, त्या हाताची आयुष्यभराची कमाई मी घालवली होती.

अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "वर म्हंजी कुठं?"

"दुसऱ्या कुणाच्या तरी कम्प्युटरात."

"मंग तसं म्हनायचं ना. वर वर काय लावलंय!"

एवढं बोलून ते बाहेर बाकावर जाऊन बसले. दुपारी त्यांची हाक आली, "जल्दी ये! माझा 'अ' चाल्लाय बघ!"

समोरच्या धाब्यावर एक जुना ट्रक वळत होता. फाळक्यावर अण्णांनी कधीकाळी रंगवलेलं 'अंबाबाईची कृपा'. रंग उडालेला, पण अक्षर शाबूत. मी बटर पेपर घेऊन धावले आणि फाळक्याला चिकटून गिरवायला लागले. ड्रायव्हर हातात भाकरी घेऊनच बाहेर आला. "काय करून राह्यल्या, ताई?" मी सगळं सांगितलं. त्याने ते ड्रायव्हर लोकांच्या ग्रुपवर टाकलं, आणि खाली माझा नंबर देऊन मी सांगितलेला निरोप जोडला: पेंटरचं अक्षर दिसलं तर शेजारी आगपेटी धरा आणि समोरून फोटो काढा. आगपेटी मापासाठी.

फोटो यायला लागले. साखर कारखान्याच्या रांगेतून, घाटातून, परराज्यातल्या टोलनाक्यावरून. एकाने तर आगपेटीऐवजी स्वतःच उभं राहून फोटो पाठवला. त्याच्या पोटामागं 'ब' झाकला गेला होता. मी अण्णांना एकेक दाखवायचे आणि ते गाडी ओळखायचे.

आष्टीला माझी मावसबहीण शाळेत शिकवते. ती पेनड्राइव्हवर लिनक्स घेऊन आली. म्हणाली, "ही सिस्टीम तुझ्याच मशीनवर राहते. नेट नसलं तरी चालते. हवं तसं बदल, कुणाला द्यायची तर दे, विचारायची गरज न्हाई." माळ्यावरचा सीपीयू उतरवला, धूळ झटकली. पहिल्या दिवशी कटर हललं नाही. दुसऱ्या दिवशी हललं, पण अक्षरं उलटी. मी शिव्या दिल्या, बहिणीला फोन करकरून पिडलं. पण या वेळी कुणाची मनधरणी नव्हती, बिघडलं तर मीच उघडून बघायचं होतं. तिसऱ्या दिवशी पोट पुढं काढून 'अ' बाहेर आला आणि मी अशी ओरडले की मला शॉक बसला समजून चहावाला लाकूड घेऊन धावत आला.

सगळी अक्षरं जमली, एक सोडून. 'ढ' कुठल्याच फोटोत नव्हता. अण्णा हसले, "ढ कोन लिहील सोताच्या गाडीवर?" मग म्हणाले, "ब्रश आन." हात थरथरत होता. 'ढ'चं पोट लहरत लहरत खाली आलं. मी म्हटलं, कम्प्युटरवर सरळ करते.

"ऱ्हाऊ दे. आत्ताचा हात असाच हाय."

तो तसाच ठेवला. मग विचारलं, "ही अक्षरं नेटवर सगळ्यांना फुकट देऊन टाकू? कुणीही वापरावं, बदलावं, पुढं द्यावं?"

"दे की. अक्षर काय कुनाच्या बापाचं असतंय?"

"हे आहे. माझ्या."

अण्णा इतके हसले की बशीतला चहा सांडला. शेजारच्या दुकानदारानं मला येड्यात काढलं. म्हणे, गिऱ्हाईक दुसरीकडं जाईल. जाऊ दे ना! अण्णांनी अक्षरं गावोगाव सोडली होती म्हणून परत आली. मी एका जागी कोंडली, ती गेली.

गेल्या महिन्यात एक नवा टेम्पो पंक्चरसाठी थांबला. मागं रेडियममध्ये 'जालना मोंढा'. मी कापलेलं नव्हतं. ड्रायव्हर म्हणाला, हसनाबादला करून घेतलं. अण्णा बाकावरून उठले, टेम्पोजवळ गेले आणि 'ढा'वरून बोट फिरवलं. पोटातली लहर तश्शीच होती.

"थरथर बी बराबर कापलीय," ते म्हणाले. मग ड्रायव्हरकडं वळून, "गाडी धुताना याला घासू नको बरं का."

"कामून, बाबा?"

"माझा हाय त्यो ढ."

पोरगं माझ्याकडं बघायला लागलं. मी म्हटलं, "खरंय. पण आता तुझा बी हाय."