काकूंची मूठ

आमच्या शेजारच्या कंपाउंडरकाकांना सगळी गल्ली तराजूकाका म्हणते. चाळीस वर्षं दवाखान्याच्या खिडकीमागे बसून त्यांनी औषधाच्या पुड्या बांधल्या. निवृत्त झाल्यावरही चहात साखर घालताना चमचा डोळ्यांसमोर धरून बघायचे. काकू बरोबर उलट्या. त्यांचं सगळं अंदाजपंचे, आणि तरी घरामागच्या तीन वाफ्यांत झिनिया, मिरच्या, टोमॅटो असे यायचे की कुंपणावरून बघताना माझा जळफळाट व्हायचा. कबूल करते, मी काही संत नाही.

बागेत काकांकडे फक्त पाणी घालण्याचं काम. "तुम्ही मोजत बसाल, तोवर रोप म्हातारं होईल," असं म्हणून काकू त्यांना बाकी कशाला हात लावू द्यायच्या नाहीत.

या हिवाळ्यात काकू गेल्या. थंडी ओसरल्यावर काकांनी कपाटातून टोमॅटोच्या बियांची पुडी काढली. दरवर्षी सगळ्यात चांगलं फळ काकू बियांसाठी ठेवायच्या, अठ्ठावीस वर्षं तोच टोमॅटो चालत आलेला. पुडी एकच होती. तिच्यातून बारा रोपं उगवली आणि रोज सकाळी मला प्रत्येकाची उंची ऐकावी लागली. कधीकधी काका कुंपणाशी येताना दिसले की मी आत सटकायचे. दिवसभरात त्यांच्याशी बोलणारी मी एकटीच होते, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

खताचं काकूंच्या वहीत एका ओळीत लिहिलेलं होतं: दाणेदार खत, रोपाला एक मूठ. काकांनी मोठी आठ रोपं वाफ्यात लावली आणि वही समोर ठेवून प्रत्येकाला एक मूठ घातली. चार दिवसांत पानांच्या कडा करपल्या. आठवड्यात आठही रोपांनी माना टाकल्या.

"वहीत आहे तेच केलं हो मी," काका म्हणाले.

खिडकीतल्या खोक्यात उशिरा उगवलेली चार रोपं उरली होती. ती गेली की काकूंचा टोमॅटो संपला. लावणीचे दिवस टळत चालले तरी काका त्यांना हात लावेनात.

"खत घालूच नका ना," मी म्हटलं.

"तिने घातलं असतं," ते म्हणाले.

नंतरचं त्यांनीच मला सांगितलं. मेलेली रोपं उपटायला म्हणून त्यांनी दारामागच्या खिळ्यावरचे काकूंचे हातमोजे काढले. हात अंगठ्यापुढे जाईना. त्यांनी पुन्हा ओढून पाहिलं, आणि मग तसेच पायरीवर बसून राहिले.

त्यांनी लेकीला फोन लावला. ती लांब राहते, फोन फक्त रविवारी असतो, आणि हा होता बुधवार. ती घाबरलीच. "काय झालं बाबा? बरं आहे ना?"

"बरं आहे. आईचे हातमोजे तुला बसायचे ना?"

"हो, अगदी नेमके. का?"

"मुठीत मीठ घे. दाबून नको, आई घ्यायची तसं. आणि वजन करून सांग."

ती स्वयंपाकघरात गेली. "चौतीस ग्रॅम," ती म्हणाली. काकांनी सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, "पुन्हा मोजू का, बाबा?"

"मोज," काका म्हणाले. तिने तीनदा मोजलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी चारही रोपं लावली. आठ दिवसांनी ते जुना तराजू घेऊन वाफ्याशी बसलेले दिसले, तेव्हा मी आत न सटकता कुंपणाशी गेले. त्यांनी चौतीस ग्रॅम खत तोलून तळहातावर ओतलं. त्यांच्या रुंद पंजात ते मधल्या खळग्यापुरतंच दिसत होतं. ते रोपाला घालायचं सोडून काका नुसते बघत राहिले.

"एकेचाळीस वर्षं संसार केला," ते म्हणाले. "एवढासाच होता हो तिचा हात. मी कधी बघितलाच नाही."

त्यांनी मूठ मिटली आणि बराच वेळ उघडली नाही.