गहाण पडलेली कमान

पिंजाऱ्याच्या कमानीचा आवाज मी अजून विसरलेलो नाही. नोकरी संपली, पेन्शन सुरू झाली, पण त्या गुन्ह्याचा कागद माझ्यापुरता कधी बंद झाला नाही.

एकोणीसशे साठनंतरची गोष्ट. पांढरकवड्याच्या बाजूच्या एका ठाण्यात मी नवा फौजदार होतो. त्या साली रमजान ऐन थंडीत आला होता. ईद उद्यावर असताना एका किराणा दुकानदाराने फिर्याद दिली की गोदामातून कमान चोरीस गेली. रजयांचा कापूस जिच्या तातीवर, म्हणजे आतड्याच्या ताणलेल्या दोरीवर, पिंजतात, ती कमान. गावातल्या पिंजाऱ्याने ती गव्हापोटी गहाण ठेवली होती.

तपासाला डोकं लागलंच नाही. आमचा खबऱ्या चहावाला म्हणाला, "साहेब, पिंजाऱ्याच्या घरून टण टण ऐकू येऊन राह्यलं. याले चोरी बी धड करता येत नाही."

पंचांसमक्ष कमान जप्त केली, मुद्देमालात जमा केली, ठाणे डायरीत नोंद केली. वस्तू स्वतःची असली तरी गहाण पडलेली परस्पर उचलली की चोरीच. कायदा तसाच आहे. तो लिहिणाऱ्यांच्या घरात कुणाचं हत्यार गहाण पडलं नसावं.

"काहून नेली?" मी विचारलं.

"रजयायचं काम आलं होतं साहेब. कमान नाही तं काम नाही. मंग शेठचं कुठून फेडू?"

"आणि गहू? झडतीत तुझ्या घरात मूठभर पीठ सापडलं नाही. विकलेस?"

दोन तास मी दरडावलं, हवालदाराने दरडावलं. शेवटी ठाण्याच्या दारात बसलेली त्याची बायको बोलली.

"गहू मशिदीत गेले साहेब. फितऱ्यात."

ईदच्या नमाजाआधी प्रत्येक घराने माणशी पावणेदोन शेर गहू गरिबांसाठी द्यायचे, तो फितरा. याने घरातल्या सातही जणांचा दिला होता. ती सात तोंडं मात्र उपाशी.

"पोरीले पाहायले घाटंजीचे पाहुणे येऊन राह्यले उद्या," ती म्हणाली. "बाप देणाऱ्यायत हाये का घेणाऱ्यायत, हेच इचारतात पहिले."

गुन्हा उलगडला म्हणून मी खूष. खात्री करायला मौलवींना बोलावलं, फिर्यादीलाही बोलावलं. बाजाराचा दिवस होता. ओसरीसमोर ही गर्दी. बंद खोलीत विचारायची अक्कल मला सुचली नाही.

मौलवी भला माणूस. हळहळून म्हणाले, "मियाँ, तुम्ही कर्जात बुडालेले. तुमच्यावर फितरा लागूच नाही. उलट तुम्हालाच द्यायला पाहिजे होता."

दुकानदाराने लगेच छातीवर हात ठेवला. "सोडा त्याला साहेब. फिर्याद मागे घेतो. गव्हाचं देणं माझ्या जकातीत धरा."

जकात म्हणजे ऐपतदार मुसलमानाने दरसाल गरिबांना द्यायचं दान; दुकानदारही मुसलमानच. गर्दीने वाहवा केली. पिंजाऱ्याने पहिल्यांदा मान वर केली.

"साहेब, लिहून घ्या. चोरी म्याच केली. सजा द्या. मले जकात नोको."

मी लिहून घेतलं नाही. मी दया केली. पुढे कोर्टाच्या परवानगीने तडजोड झाली आणि तो निर्दोष सुटला. घाटंजीचे पाहुणे मात्र दुसऱ्याच दिवशी, बाजारातली बातमी ऐकून, गावच्या वेशीवरूनच परतले होते. चोराशी कदाचित त्यांनी सोयरीक केलीही असती. जकात घेणाऱ्याशी केली नाही.

काय शिकलो? एवढंच, की गरिबाला लुटायला सावकाराला कुलूपबंद गोदाम लागतं, पण नागवायला भर बाजारात केलेलं दान पुरतं. त्या दिवशी त्या दानाला जागा मी दिली, सरकारी ओसरीवर.

कमान परत न्यावी म्हणून त्याला दोनदा समन्स धाडलं. दोन्ही वेळा शेरा आला, 'इसम गाव सोडून गेला.' पुढच्या उन्हाळ्यात मुद्देमाल खोलीत तात आपोआप तुटली. हवालदाराने विचारलं, नोंद कशी करू. मी सांगितलं, नादुरुस्त, मालक बेपत्ता.