कमरेला खोचलेली पिशवी

मथुराच्या लिव्हरला पाण्याची गाठ झाली, चांगली नारळाएवढी. डॉक्टर मानसी म्हणाल्या, पोट फाडायचं नाही, सुई घालून पाणी काढू. काढलंही. मग आठवडाभरासाठी बरगडीखाली बारीक नळी ठेवली, टोकाला पिशवी लावली आणि तिला वेसाव्याला घरी धाडलं. "पिशवी कायम खाली लोंबती ठेवा. पट्टी भिजू देऊ नका. आणि आराम करा."

आराम म्हणे! अंधेरीच्या बाजारातला तिचा मासळी विकायचा ओटा सासूकडून आलेला, आणि तिथला कायदा सगळ्यांना पाठ: तीन दिवस ओटा रिकामा राहिला की चौथ्या सकाळी बसेल त्याचा. शेजारच्या ओट्यावरची सुगंधा आपल्या बहिणीसाठी टपूनच बसली होती. सून कल्पिता ऑफिसवाली, मासळी खायला तयार, विकायला नाही.

तिसऱ्या सकाळी मथुराने लुगडं कचकचून नेसलं, पिशवी वर ओढून कमरेला खोचली आणि वरून पदर घेतला. पोटातून नळी लोंबणाऱ्या बाईकडून पापलेट कोण घेणार? दिवसभर हात बर्फात, पट्टी चिंब, आणि पिशवीतलं पाणी उलटं पोटात. सुगंधाचं तोंड मात्र बघण्यासारखं झालं होतं.

दोन दिवसांनी हुडहुडी भरली. बर्फाची थंडी, दुसरं काय, असं म्हणून तिने रेटलं. शेवटी गिऱ्हाइकासमोरच दात वाजायला लागले आणि कोयता हातातून गळला. सुगंधानेच शिव्या देत तिला रिक्षात घातलं.

हॉस्पिटलात नळीतून पू आला.

"पिशवी कुठे ठेवली होतीत?"

"कमरेला. मग काय डोक्यावर ठेवू?"

मानसीबाईंनी कपाळावर हात मारला. गाठीत इन्फेक्शन झालं होतं. दहा दिवस सलाईन.

दहा दिवस म्हणजे ओटा गेलाच. मथुरा भिंतीकडे तोंड करून रडली.

पाचव्या दिवशी कल्पिता भेटायला आली. हाताला मासळीचा वास.

"ओट्यावर बसलीस?"

"पहिल्या दिवसापासून, आई. रजा काढलीय. सुगंधाकाकी मासा कापायला शिकवतायत."

"ती? तिला तर ओटा पायजे."

"पायजेच म्हणाल्या. पण आजारी बाईचा घेण्यात मजा नाय, तुझी सासू बरी होऊन येऊ दे, मग भांडून घेते."

मथुराने डोळे पुसले. "सांग तिला, येते म्हणून. एक इंच देणार नाय."

मग तिने खाटेखाली हात घातला आणि पिशवी नीट खाली लोंबतेय ना, ते चाचपून बघितलं.