ओसरीवरचं ध्यान आणि बसण्णाचा हार

मागच्या उन्हाळ्यात, सकाळी आठच्या सुमारास, मी आमच्या ओसरीवर वारलो. त्याबद्दल शेजारच्या बसण्णाला मी अजून माफ केलेलं नाही. करणारही नाही!

मूळ दोष गुलबर्ग्याच्या डॉक्टरचा. माझी खजुरी गावात पिठाची गिरणी. पंचवीस वर्षं तिच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलल्यावर माणूस रागीट वाटणारच ना? (मी रागीट नाही. लोक मूर्ख आहेत.) पण त्यानं बीपी मोजलं, मीठ-तिखट तोडलं आणि वर म्हणाला, "रोज वीस मिनिटं ध्यानाला बसा. चिडायचं नाही."

झालं! बायकोनं, महानंदानं, शेंगाच्या चटणीचा डबा कपाटात घातला आणि किल्ली कमरेला खोचली.

"अकरा दिस न चिडता बसून दाखवा. मग चटणी!"

दहा दिवस अळणी पिठलं गिळत कसे काढले, माझं मला ठाऊक. त्यात डोळे मिटले की डुलकी लागायची आणि मी कलंडायचो. म्हणून अकराव्या दिवशी पक्का बंदोबस्त केला. आंघोळ करून कपाळभर विभूती लावली, भिंतीला टेकून मांडी घातली, उपरणं खिडकीच्या गजातून ओवून छातीवर गच्च गाठ मारली. माशा येऊ नयेत म्हणून पुढे उदबत्त्या लावल्या. महानंदा दूध आणायला गेली होती.

आता, आमच्या लिंगायतांत माणूस गेला की त्याला आडवा ठेवत नाहीत. आंघोळ घालून, विभूती लावून, मांडी घालून भिंतीशी बसवतात आणि पडू नये म्हणून कापडानं बांधतात. हे मला आधी सुचायला हवं होतं, असं महानंदानं नंतर चाळीस वेळा सांगितलंय.

पाच मिनिटं उरली असतील, तेवढ्यात बसण्णा आला.

"अण्णा, ओ सिद्रामअण्णा! गिरणी कामून उघडली न्हाई?"

माझ्या बंद डोळ्यांपुढे फक्त चटणी!

"अण्णा?" मग त्याचा आवाज एकदम पडला. "शिवा, शिवा! अण्णा गेलेत की!"

मी चिडलो नाही. (नोंद घ्या!) मूर्ख आहे, जाईल म्हटलं. तो गेला आणि सगळी गल्ली घेऊन परत आला! माझ्या गळ्यात गारगार हार पडला. कुणीतरी पाया पडलं.

"काय शांत दिसायलेत बघा," एक बाई म्हणाली. "जित्तेपणी आसं कधी दिसले न्हाईत!"

"पर छाती हलायली की."

"उपरण्याला वारं लागलं आसंल," बसण्णानं निकाल दिला.

मी दात आवळले. चटणी, चटणी, चटणी.

"मानूस वाईट नव्हता," बसण्णा हुंदका देत म्हणाला. "पिठात कोंडा मिसळायचा, तेवढंच!"

पंचवीस वर्षं! एक चिमूट कोंडा मिसळला असेल तर शपथ! माझ्या टाळक्यात जाळ झाला.

"कोंडा तुझ्या डोक्यात हाय, मुडद्या!" म्हणत मी उठलो. म्हणजे उठायला गेलो. उपरण्यानं मागे खेचलं, डोकं गजावर आपटलं, उदबत्त्या धोतरावर आल्या. बाया किंचाळत पळाल्या. बसण्णा त्यांच्याही आधी पळाला.

तेवढ्यात महानंदा धापा टाकत आली. रस्त्यात कुणीतरी तिला सांगितलं होतं. हातात किटली होती, दूध वाटेत सांडलं होतं. मी बांधलेल्या जागेवरून बसण्णाच्या सात पिढ्या उद्धरत होतो. ती पायरीवर मटकन बसली.

"ओरडा," ती म्हणाली. "आणखी ओरडा." आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. मला पुढची शिवी सुचेना.

मग ती उठली, कपाट उघडलं आणि चटणीचा डबाच माझ्यापुढे ठेवला.

"अकरावा दिस मोडला की," मी म्हणालो.

"मोडू द्या."

हल्ली मी आतल्या खोलीत बसतो. दर दोन मिनिटांनी महानंदा दाराबाहेरून विचारते, "अहो, ऐकायलाव का?" मी डोळे न उघडता बसण्णाला एक कचकचीत शिवी हासडतो. ती निर्धास्त होऊन भाकरी थापायला जाते, आणि भिंतीपलीकडून बसण्णा गल्लीला ओरडून सांगतो, "हाईत, हाईत! ध्यान चालू हाय!"