पट्ट्याची झोप

आमचा शिवशंकर लय डोकेबाज. आमच्या झरी गावात मेंढरामागं हिंडत वाढला आन् आता घरी बसून एका कंपनीसाठी लिनक्सच्या कर्नलचं काम करायचा. कर्नल म्हणजे यंत्राच्या आतला कारभारी. कुणाला जागवायचं, कुणाला झोपवायचं, ते तोच ठरवतो. मी त्याचा चुलतभाऊ भागवत. माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, म्हणून हे सगळं तो मलाच सांगत बसायचा.

कंपनीनं मेंढरांच्या गळ्यातला पट्टा काढला होता. लांडग्यानं मान धरून हिसका दिला की पट्ट्यानं मालकाच्या फोनवर बोंब मारायची. पण मेली बॅटरी एका दिवसात बसायची. इकडं त्याचा बाप, मल्हारीकाका, दम्यानं बेजार, तरी रोज रात्री मेंढरं कोंडलेल्या वाघरीपाशी जागत बसायचा. "आबाला निवांत झोपू द्यायचंय मला," एवढंच शिवशंकरचं म्हणणं.

शेवटी चूक घावली. हिसका ओळखणारा भाग कारभाऱ्याला अट घालायचा, गाढ झोपू नको, हाक मारली की लगेच ऊठ. ही अट नुसती रात्रीपुरती पाहिजे होती. ती दिवसाबी तशीच राहायची. दिवसापुरती काढली तर बॅटरी दोन दिवस जायची. कंपनीला आठवडा पाहिजे होता. मग ह्यानं रात्रीचीबी अट काढून टाकली.

भर दुपारी मेंढरं एकमेकींच्या पोटाखाली मुंडकी घालून गपगार उभी राहिली, तेव्हा पट्टे गाढ झोपले. शिवशंकरनं तपासायला एकीचा पट्टा धरून ओढला, ओढतच राहिला, आन् फोन वाजला. "झालं!" म्हणून नाचला गडी. आता वाटतं, अरे येड्या, लांडगा काय तुझ्यासारखा ओढत बसतो व्हय?

राखणीचं कुत्रं खेळता खेळता पट्टे ओढायचं, फुकट फोन वाजायचा, म्हणून त्याला पालमला मावशीकडं धाडलं. काकाला घरी आणलं. "आबा, झोपा तुमी. पट्टा जागा हाय." काका झोपला, चांगला घोरला. आमाला लय बरं वाटलं. असेच आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी सकाळी वाघरीत नुसतं रगात. लांडग्यांनी एकेका हिसक्यात माना मोडल्या होत्या. कारभारी जागा होईपर्यंत हिसका संपलेला, मेंढी पडलेली. मेंढी निजली समजून तो परत झोपला. दर मेंढीला तेच. फोन एकदाबी वाजला न्हाई.

आता मातर वाजला. कंपनीचा मेसेज होता.

"काय म्हणत्यात?" मेलेल्या मेंढीच्या गळ्यातला पट्टा सोडवत काकानं विचारलं.

शिवशंकरनं फोन माझ्या हातात दिला. मीच वाचला. "बॅटरी आठ दिवस चालली. अभिनंदन म्हणत्यात."

काकानं पट्टा धोतराला पुसला आन् पोराच्या हातात ठेवला.

"हळू धर," म्हणला, "झोपलाय तो."